उलटा चिमटा

राहू गावाच्या शिवेवर कॅनॉलचा फाटा लागतो, तिथं मुमताज मुलाणीचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, पाण्याचं एक घमेलं आणि हवेचा पंप. पहिल्यांदा येणारा माणूस सायकल टेकवून इकडंतिकडं बघतो आणि विचारतो, मिस्त्री कुठं गेलेत? मुमताज डोक्यावरचा पदर कानामागं खोचते, पाना उचलते आणि सांगते की मिस्त्री तुमच्याम्होरंच बसलाय, सायकल आडवी करा.

खरा मिस्त्री तिचा नवरा सिद्दीक. तीन वर्षांमागं त्याची उजवी बाजू लकव्यानं गेली. आता तो दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. हात गेला तरी तोंड शाबूत आहे, त्यामुळे दिवसभर हुकूम चालू. नट उलटा फिरवतीस, बेअरिंगचे छर्रे मोजून घे, ग्रीस कमी लाव. पहिलं वर्ष मुमताजनं सगळं ऐकलं, ऐकून शिकली. आता तिला त्याच्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात, पण ती त्याला बोलू देते. माणसाला काहीतरी काम पाहिजे ना.

यंदाचा उसाचा हंगाम फाट्याला फार बाधला. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची पार चाळण केली. दिवाळीनंतर एसटीच्या ड्रायव्हरनं हात वर केले आणि मुमताज राहते त्या फाट्यालगतच्या वस्तीची गाडी बंद झाली ती झालीच. शाळा राहूत, वस्तीपासून पाच किलोमीटर. पोरं कुणाच्याही ट्रॅक्टरला लोंबकळून जातात, पोरींनी काय करायचं? चालायचं. संक्रांत झाली आणि आठवीतल्या दोघी घरीच बसल्या. त्यातल्या एकीला तर पाहुणे बघूनसुद्धा गेले.

मुमताजची आयेशा नववीत. सायकलवालीच्या पोरीला सायकल नाही, हे ऐकून लोक हसायचे. होती की सायकल. भंगारातल्या दोन फ्रेमा जोडून मुमताजनंच केली होती. कॅनॉलच्या उतारावर जोड निसटला आणि पोरीची हनुवटी फुटली, तीन टाके पडले. त्या दिवशी सिद्दीकनं उजवा पाय ओढत, डाव्या हातानं ढकलत नेऊन ती सायकल विहिरीत टाकली आणि शप्पथ घातली की भंगारावर पोरगी पुन्हा बसणार न्हाई. वर शिरूरहून त्याच्या भावाचा, सोहेबचा फोन यायचा. आयेशाला आमच्याकडं पाठवा, शिवणकाम शिकंल, पुढचं आम्ही बघू. पुढचं म्हणजे काय ते मुमताजला न सांगता कळत होतं. सिद्दीक म्हणाला की सायकल मिळाली तर ठीक, न्हाईतर उन्हाळ्यात धाडू. तो दुष्ट नव्हता. रोज संध्याकाळी पोरगी येईस्तोवर रस्त्याकडं बघून बघून तो थकला होता.

म्हणून स्नेहदीप सेवा क्लबच्या यादीत आयेशाचं नाव आलं, तेव्हा मुमताजनं दुकानात येईल त्याला गूळ-शेंगदाणे दिले. हा क्लब दौंडचा. मोठी माणसं, कोटाला बिल्ले लावणारी. रक्तदान करतात, दहावीच्या पोरांना मार्गदर्शनाची भाषणं देतात, झाडं लावतात. झाडं जगली किती ते विचारू नका. पण नावं ठेवायची तर सगळीच ठेवू नयेत. त्यांच्याच शिबिरात सिद्दीकचा मोतीबिंदू निघाला होता, तेही फुकट, आणि जेवणसुद्धा घातलं होतं. यंदा लांबून चालत येणाऱ्या तीस मुलींना सायकली द्यायचं ठरलं. यादी केली शाळेच्या करुणा मॅडमनी. आयेशा सतरावी.

क्लबचा यंदाचा अध्यक्ष राहूचाच, जालिंदर आप्पा. बागायतदार, शब्दाला वजन असलेला माणूस. सायकली खोक्यातून सुट्या येतात हे मुमताजला ठाऊक होतं. ती सकाळी सकाळी त्याच्या ओट्यावर गेली आणि म्हणाली की आप्पा, फिटिंग माझ्याकडं द्या, चार दिवसांत तीस सायकली उभ्या करते. आप्पानं चहा सांगितला. चहा आला, पिऊन झाला, मग तो हसत म्हणाला,

"भाभी, राग मानू नका. पंक्चर येगळं आन् फिटिंग येगळं. पुण्यासनं पाव्हणं येनार. सायकली कुनी बसवल्या म्हनून इचारलं, तर काय सांगू मी? फाट्यावरच्या बाईनं?"

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे हसले. मुमताजनं कपबशी विसळून पालथी घातली आणि ती आली तशी निघाली. काम दौंडच्या कुणा ठेकेदाराला गेलं. त्याची पोरं आली आणि एका दुपारात तीसच्या तीस सायकली बसवून गेली. सिद्दीक म्हणाला, जाऊ दे, आपल्याला सायकल मिळाल्याशी मतलब. मुमताजही जाऊ दे म्हणाली. पण त्या दिवशी तिनं पंपाचा दांडा असा मारला की एका म्हाताऱ्याच्या सायकलची ट्यूबच फुटली. ती तिनं पदरची घालून दिली.

कार्यक्रम रविवारी, शाळेच्या पटांगणात. मुलींना आठला बोलावलं होतं, पाहुणे येणार दहाला. मांडव होता, पण तो व्यासपीठाला आणि खुर्च्यांना. तीस पोरी आपापल्या सायकलीला हात लावून उन्हात रांगेनं उभ्या. हँडलला लाल रिबिनी, आणि प्रत्येकीच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'लाभार्थी', खाली नंबर. फोटोत नंबर दिसले पाहिजेत, असं क्लबच्या माणसानं बजावून ठेवलं होतं. आयेशा पुठ्ठा सारखा उलटा करायची आणि तो माणूस येऊन सारखा सुलटा करायचा.

साडेअकरा वाजले तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. आठवीतली अक्षदा, शेंगदाण्याएवढी पोर, चक्कर येऊन सायकलीसकट खाली बसली. तिची आई दुसऱ्याच्या गुलछडीच्या रानात फुलं खुडायला गेलेली, म्हणून मुमताजच तांब्या घेऊन धावली. पोरीच्या तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं, आणि तशी खाली उकिडवी बसलेली असताना तिची नजर सायकलीच्या पुढच्या चाकावर गेली.

ती बघतच राहिली. सायकलीचं पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं, त्याला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. चिमट्याला थोडा बाक असतो आणि तो बाक पुढं पाहिजे. इथं तो मागं होता. मडगार्डचं लांब टोक पुढं आलेलं, पुढचा ब्रेक चिमट्याच्या मागं गेलेला, त्याची वायर ताणून बसलेली. खोक्यात मावावं म्हणून कंपनी चिमटा फिरवून पाठवते. तो सरळ करून मग हँडल बसवायचं असतं. ठेकेदाराच्या पोरांनी हँडल तेवढं सरळ केलं, चिमटा तसाच ठेवला.

मुमताज उठली आणि शेजारची सायकल बघितली. तीही तशीच. तिच्या पलीकडची तशीच. तीसच्या तीस सायकली एकाच चुकीच्या, म्हणून कुणाला काही वावगं दिसलंच नव्हतं. सगळी रांग सारखी, म्हणजे बरोबरच असणार! तिनं एका सायकलीचं हँडल उजवीकडं वळवलं. अर्ध्यात वायर ताणली आणि ब्रेक आपोआप चाकाला चावला. पेडलवर पाय ठेवून बघितला, तर वळताना चपलेचा अंगठा चाकात जात होता. आणि पाहुण्यांनी झेंडी दाखवली की पोरींची फेरी शाळेतून निघून कॅनॉलच्या पुलावर वळणार, पुढं उतार, आणि समोरून उसाचे ट्रॅक्टर.

ती करुणा मॅडमकडं गेली. मॅडमनी वाकून बघितलं, त्यांचा चेहरा उतरला, पण त्या हळूच म्हणाल्या की मला ह्यातलं कळत नाही, आप्पांना सांगा. आप्पा कोट घालून घामाघूम झाला होता, एक कान फोनला. मुमताजनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, चार माणसांत नको म्हणून आवाज खाली ठेवून सांगितलं. त्यानं मात्र आवाज खाली ठेवला नाही.

"काम मिळालं न्हाई म्हनून हितं येऊन खोडा घालायचा व्हय, भाभी? धर्माची गाय आन् दात का गं न्हाय?" मग तो जवळ येऊन म्हणाला, "गप खुर्चीत बसा. सतरा नंबरच्या जागी दुसरं नाव लिवायला येळ लागत न्हाई मला."

मागं बसलेल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. जळती मेली, त्यातली एक म्हणाली, आणि मुमताजला ऐकू येईल अशीच म्हणाली. लोकांच्या जिभेला हाड थोडंच असतं!

मुमताज खुर्चीत जाऊन बसली. खोटं कशाला सांगा, ती बसली. तिच्या मनात काय आलं तेही सांगितलं पाहिजे. तिच्या मनात आलं की आयेशाची सायकल घरी नेली की पाच मिनिटांत सरळ करता येईल. आयेशाला सांगितलं की ती पुलापर्यंत हातात धरून नेईल. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. आपण सांगायचं काम केलं. ह्याच लोकांनी नवऱ्याला नजर दिली. आणि पोरगी शिरूरला गेली तर परत येणार नाही, हे तर दगडावरची रेघ. एवढा सगळा विचार तिनं केला आणि तो विचार चुकीचा होता असं कोण म्हणेल? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तेवढ्यात गाड्या आल्या. पाहुणे उतरले, हार झाले, नारळ झाले, माईकवरून आप्पाचं प्रास्ताविक झालं. पोरींना सायकलीवर बसून तयार राहायला सांगितलं. अक्षदाचे पाय जमिनीला पुरत नव्हते. ती अंगठ्यांवर तोल सांभाळत होती, आणि ओठावरचा घाम पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मुमताज उठली, सरळ रांगेत गेली आणि आयेशाला म्हणाली,

"उतर खाली. सायकल दे हिकडं."

"अम्मी, नाव कापतील," आयेशा पुटपुटली. तिनं आप्पाचं बोलणं ऐकलं होतं.

"कापू देत."

पोरगी उतरली. मुमताजनं साडी गुडघ्याशी खोचली आणि ती सायकलीवर बसली. पटांगणात हशा पिकला. पन्नाशीला टेकलेली बाई, डोक्यावर पदर, हँडलला लाल रिबीन. तिनं व्यासपीठासमोर एक सरळ चक्कर मारली, पेडल जोरात हाणलं आणि पुलावर वळावं तसं हँडल उजवीकडं वळवलं. वायर ताणली, ब्रेक चावला, पाय चाकात गेला आणि ती पाहुण्यांच्या पुढ्यात हँडलवरून तोंडावर आपटली. कोपराचं कातडं गेलं, बांगड्या फुटल्या, ओठ रक्ताळला. हशा जागीच थांबला.

दोघे उचलायला धावले. तिनं त्यांना हात लावू दिला नाही. आपली आपण उठली, तोंडातली माती थुंकली आणि म्हणाली, तीही माईक नसताना सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशी,

"मी जानूनबुजून पडले. पोरी न कळता पडतील. पुलावर पडतील, ट्रॅक्टरम्होरं पडतील. ह्या तीसच्या तीस सायकलींचा चिमटा उलटा हाय. ज्याला खोटं वाटंल त्यानं येऊन बसावं. आप्पा, तुम्ही या. आधी तुम्ही फेरी मारा."

आप्पा आला नाही. पाहुण्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला विचारलं. आप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं माईक ओढला आणि म्हणाला की शिस्त मोडल्यामुळं लाभार्थी क्रमांक सतरा रद्द करण्यात येत आहे, बाकीच्यांनी तयार राहावं. बाकीच्या पोरी आयांकडं बघत राहिल्या.

आयेशा पुढं आली. गळ्यातला पुठ्ठा काढून तिनं टेबलावर हारांच्या ढिगात ठेवला. पोरगी तशी अबोल, वर्गात हात वर करायला लाजणारी. पण वळून ती रांगेला म्हणाली, "सरळ झाल्याबिगर कुनी बसायचं न्हाई. उतरा." आणि पहिली उतरली ती अक्षदा, किंवा अंगठ्यांवर टेकलेली ती अर्धी उतरलेलीच होती म्हणा. मग एकेक करून सगळ्याच उतरल्या. कुणाचातरी बाप पुढं आला आणि त्यानं आपल्या पोरीची सायकल सीटवर उलटी केली. जळती मेली म्हणणारी बाई सायकल धरायला त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

सिद्दीकला फोन गेला. त्यानं दुकानातली पान्यांची पिशवी एका दुधाच्या मोटरसायकलवर धाडली आणि फोनवरूनच सांगू लागला की वायर आधी सोड, मग बोल्ट. मुमताज म्हणाली व्हय, आणि फोन पदराच्या टोकाला बांधून ठेवला. वायर सोडायची, हँडलचा बोल्ट ढिला करायचा, वरून लाकूड ठेवून हातोडीचा एक टोला, चिमटा फिरवायचा, बोल्ट आवळायचा, वायर ओढायची. कोपरातून रक्त ओघळत होतं आणि त्याला ग्रीस लागून काळी रेघ पडली होती. पाचव्या सायकलीनंतर आयेशा वायरी बघू लागली, दहाव्यानंतर करुणा मॅडम साडी खोचून बोल्ट आवळायला बसल्या. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, हिरवी झेंडी करुणा मॅडमच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि गाडीत बसून गेले. झेंडीवाचून कुणाचं काही अडलं नाही.

उन्हं कलली तेव्हा एकोणतीस सायकली सरळ झाल्या होत्या. उरली सतरावी, पडून हँडल वाकलेली. मुमताजनं तीही गुडघ्यात धरून सरळ केली, तिचाही चिमटा फिरवला, दोन्ही ब्रेक तपासले आणि ती नेऊन व्यासपीठाला टेकवून ठेवली. मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. आप्पा कोट काढून एकटाच बसला होता. कितीही झालं तरी गावातलाच माणूस. तो खाली बघत म्हणाला की घेऊन जा भाभी ती सायकल, झालं गेलं विसरा.

"आशी न्हाई न्यायची," मुमताज म्हणाली. "माईकवरनं कापलंय, माईकवरनं द्या."

"आता माईक कुठला? मांडववाला घेऊन गेला."

"शाळंत प्रार्थनेला असतोय."

आप्पा उठून उभा राहिला. एवढा माज बरा न्हाई, असं म्हणाला आणि निघून गेला. मायलेकी पाच किलोमीटर चालत घरी आल्या. मुमताजचा गुडघा सुजला होता, ती लंगडत होती. सिद्दीकनं सगळं ऐकलं. मग विचारलं की बोल्ट नीट आवळलेस ना सगळे. ती हो म्हणाली. सोहेबचा फोन आला तेव्हा तो डाव्या हातानं त्यानं बंद केला, पण शिरूरला धाडायचं त्यानं अजून मनातून काढून टाकलं नव्हतं, हे तिला दिसत होतं.

सोमवारी आयेशा चालत निघाली. फाट्यावर मागून सायकली आल्या, वस्तीवरच्या नऊ पोरी. अक्षदा पुढं होती. ती आयेशापाशी येऊन उतरली आणि सायकल हातात धरून शेजारी चालू लागली. बाकीच्याही उतरल्या. आयेशानं त्यांना जा म्हणून सांगितलं, खोट्याखोट्या शिव्याही दिल्या. कुणी गेलं नाही. खड्ड्यांतून सायकली ढकलत शाळेत पोचेस्तोवर दुसरा तास सुरू झाला आणि दहाही जणींना वर्गाबाहेर उभं केलं. मंगळवारी तेच. सायकली दिलेल्या पोरी चालत येतात, हे राहूच्या चौकात चहा पिणाऱ्यांना दिसायला लागलं. बुधवारी चौकात कुणीतरी आप्पाला विचारलं की आप्पा, क्लबानं सायकली ढकलायला दिल्यात का चालवायला? अख्खा चौक हसला, आणि ह्या वेळी हसण्याच्या मधोमध आप्पा होता.

गुरुवारी सकाळी हेडमास्तरांचा निरोप आला. मुमताजनं दुकान सिद्दीकवर सोपवलं आणि ती लंगडत आयेशाबरोबर निघाली. प्रार्थना संपली होती, पोरं मातीत बसलेली; आयेशाही आपल्या वर्गाच्या रांगेत जाऊन बसली. आप्पा बिनकोटाचा, साध्या सदऱ्यात, माईकपुढं उभा होता. शेजारी स्टँडवर सायकल. रिबीन काढलेली. त्यानं घसा साफ केला.

"क्लबातर्फे... लाभार्थी क्रमांक सतरा..."

मुमताज फाटकापाशी उभी होती. ती एक पाऊल आत आली. आप्पानं तिच्याकडं बघितलं, हातातला कागद दुमडून खिशात घातला.

"आयेशा सिद्दीक मुलाणी," तो म्हणाला. "नववी ब. रविवारी हिचं नाव मी कापलं, ते चुकलं माझं. चिमटा उलटाच हुता. पोरी, ये म्होरं."

आयेशा उठली, मातीचा हात स्कर्टला पुसला आणि सगळ्या शाळेदेखत पुढं गेली. आप्पा हँडल पुढं करून उभा होता, हसायचा प्रयत्न करत होता. तिनं सायकल लगेच घेतली नाही. ती त्याच्यासमोर खाली उकिडवी बसली, चिमटा बघितला, वायर बोटानं ओढून बघितली. उठून पुढचा ब्रेक दाबला, मग मागचा. तोवर जालिंदर आप्पाला हँडल धरून उभं राहावं लागलं.